सौद्यात समोर कोण आहे?

या महिन्याच्या टपालात शब्दांच्या याद्याच जास्त आल्या. स्प्रेड, मार्जिन, शॉर्ट, पी/ई, यील्ड. एका वाचकांनी तर वहीचं अख्खं पान भरून शब्द पाठवले आहेत. व्याख्या कुठेही मिळतात. पण मी शेअर दलालाच्या कार्यालयात सौद्यांचा हिशेब जुळवायच्या टेबलावर नोकरी केली आहे, आणि व्याख्या तोंडपाठ असलेली माणसं हिशेबाचा कागद हातात आल्यावर गोंधळून गेलेली तिथे पाहिली आहेत. त्यांना शब्द माहीत असायचा, पण त्या शब्दाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे माहीत नसायचं. म्हणून पुढच्या उत्तरांमध्ये मी तेच शोधलं आहे. समोर कोण आहे, आणि पैसा कोणाकडून कोणाकडे जातो?

प्रश्न : ताई, मोबाइलवर भाव ४१२ दिसत होता. मी २०० शेअर घेण्यासाठी लगेच बटण दाबलं. हिशेब आला तो सरासरी ४१५.३० ने. मधला फरक दलालाने घेतला का?
— एक निवृत्त शिक्षक

दलालाने घेतला नाही. पडद्यावर दिसणारा ४१२ म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो भाव. तो सौदा होऊन गेला, त्यातला विकणारा मोकळा झाला. तुम्हाला त्या भावाने शेअर देण्याचं वचन कोणीही दिलेलं नव्हतं.

त्या क्षणी बाजारात दोन रांगा असतात. एकीकडे घेणारे, आपापला भाव लावून थांबलेले. त्यांच्यातला सर्वात चढा भाव म्हणजे बिड. दुसरीकडे विकणारे. त्यांच्यातला सर्वात कमी भाव म्हणजे आस्क. समजा बिड ४११.५० होती आणि आस्क ४१३. या दोघांमधलं दीडचं अंतर म्हणजे स्प्रेड. ज्याला घाई आहे त्याला हे अंतर ओलांडावं लागतं, म्हणजे घाईची किंमत स्प्रेडच्या रूपाने मोजावी लागते.

आता तुमचा सौदा पाहू. विकणाऱ्यांच्या रांगेत ४१३ ला फक्त ४० शेअर असतील, ४१४ ला ६०, आणि त्यानंतरचे थेट ४१७ ला. तुम्ही ‘मार्केट ऑर्डर’ दिलीत. म्हणजे ‘मिळेल त्या भावाने, पण आत्ता द्या’ असं सांगितलंत. यंत्रणेने ४० इथून उचलले, ६० तिथून, उरलेले १०० शेअर ४१७ ने. सरासरी काढा, बरोबर ४१५.३० येते. वरचे पैसे त्या विकणाऱ्यांकडे गेले. दलालाला त्याची दलाली मिळाली, तेवढीच.

‘लिमिट ऑर्डर’ दिली असती, म्हणजे ‘४१३ पेक्षा जास्त देणार नाही’ असं सांगितलं असतं, तर ४० शेअर मिळाले असते आणि बाकीची मागणी रांगेत उभी राहिली असती. पुढे मिळाले असते किंवा नसतेही. लिमिटमध्ये भावाची खात्री असते, सौद्याची नसते. मार्केटमध्ये सौद्याची खात्री असते, भावाची नसते. दोन्ही खात्र्या एकदम देणारी ऑर्डर कोणत्याही बाजारात नाही.

तुमचं नुकसान लहान आहे, पण यामागचं तत्त्व लहान नाही. ६ मे २०१० च्या दुपारी अमेरिकेच्या बाजारात काही मिनिटांत डाऊ जोन्स निर्देशांक हजारेक अंशांनी कोसळला आणि तितक्याच वेगाने बराचसा सावरला. त्या गडबडीत ॲक्सेंचर या मोठ्या, नफ्यातल्या कंपनीचे काही शेअर एका सेंटला विकले गेले. थोड्या वेळापूर्वी त्यांचा भाव ४० डॉलरच्या आसपास होता. कंपनीत काहीही बिघडलेलं नव्हतं. खरे घेणारे भीतीने रांगेतून बाजूला झाले होते, आणि मागे राहिल्या होत्या सतत घेण्या-विकण्याचे भाव लावून ठेवणाऱ्या संस्थांनी (‘मार्केट मेकर’) नियमापुरत्या लावलेल्या एका सेंटच्या मागण्या. ‘मिळेल त्या भावाने विका’ म्हणणाऱ्यांच्या ऑर्डरी त्यांच्यावर जाऊन आदळल्या. आधीच्या भावापेक्षा ६० टक्क्यांहून अधिक दूर झालेले सौदे नंतर रद्द करण्यात आले. त्याहून कमी अंतराने ज्यांचं नुकसान झालं, त्यांचे सौदे कायम राहिले.

ज्याला लिक्विडिटी किंवा तरलता म्हणतात ती हीच. रांगेत किती माणसं, किती शेअर घेऊन, किती जवळच्या भावाला उभी आहेत, यावर ती ठरते. ती कंपनीचा गुण नाही, त्या क्षणाचा आहे. बटण दाबण्याआधी ‘मार्केट डेप्थ’ नावाची खिडकी उघडा. दोन्ही रांगा तिथे दिसतात. आणि लिमिट ऑर्डरच वापरा. गुरुजी, तुमच्यासारख्या, महिन्यातून एखादा सौदा करणाऱ्याला घाईचे पैसे मोजायचं काहीच कारण नाही.

प्रश्न : शेअर आदल्या दिवशी ९६ ला बंद झाला होता. ९० ला स्टॉप लॉस लावलेला होता. सकाळी तो ७८ ला विकला गेला. ९० ची ऑर्डर असताना ७८ कसा? ही फसवणूक नाही का?
— एक अभियंता

तुमचा राग समजतो, पण कागदावर मला फसवणूक दिसत नाही. ‘स्टॉप लॉस’ या नावातच नुकसान थांबेल असं आश्वासन ऐकू येतं आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. प्रत्यक्षात ती एक अट आहे. भाव ९० ला किंवा त्याखाली आला की माझी विक्रीची ऑर्डर जागी करा, एवढंच ती म्हणते. जागी झालेली ऑर्डर साध्या मार्केट ऑर्डरसारखी रांगेकडे धावते. रात्री वाईट बातमी आली, सकाळी पहिली मागणीच ७८ ची निघाली. ९६ आणि ७८ यांच्या मधे सौदा झालाच नाही. ९० ला समोर कोणी उभंच नव्हतं, मग विकणार कोणाला? भावाच्या या उडीला ‘गॅप’ म्हणतात, आणि ठरवलेला भाव व मिळालेला भाव यांतल्या फरकाला ‘स्लिपेज’.

याचं सर्वात कठोर उदाहरण चलनबाजारातलं आहे. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून एका युरोचा भाव १.२० फ्रँकच्या खाली जाऊ द्यायचा नाही असं धोरण ठेवलं होतं. तीन वर्षांहून जास्त काळ ते टिकलं. हजारो लोकांनी उधारीवर मोठे सौदे केले आणि १.२० च्या थोडं खाली स्टॉप लॉस लावून निश्चिंत झाले. १५ जानेवारी २०१५ ला बँकेने पूर्वसूचना न देता ते धोरण मागे घेतलं. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. सगळ्यांचे स्टॉप लॉस एकदमच जागे झाले आणि घेणारा जवळपास कोणी नव्हता. अनेकांच्या खात्यात शून्य उरलं नाही, उणे रक्कम उरली. ग्राहकांकडची ती बाकी वसूल न झाल्यामुळे काही दलाल संस्थाही बुडाल्या.

‘स्टॉप लिमिट’ ही दुसरी जात आहे. ‘९० ला जागी हो, पण ८८ च्या खाली विकू नकोस.’ तुमच्या बाबतीत ती लावली असती तर शेअर विकला गेला नसता, हातात राहिला असता आणि पुढे आणखी पडला असता तर तेही तुम्हालाच सोसावं लागलं असतं. तेव्हा ही निवड दोन धोक्यांमधली आहे. बातम्यांवर नाचणाऱ्या शेअरमध्ये खरं संरक्षण आधीच करावं लागतं. मुळात इतकेच शेअर घ्यायचे की वीस टक्क्यांची उडी पडली तरी झोप उडणार नाही.

प्रश्न : माझ्या कंपनीने एकाचे दहा शेअर केले. भाव दहावा हिस्सा झाला. आता तो स्वस्त झाला म्हणून आणखी घ्यावेत का? आणि डिव्हिडंड मिळाला त्या दिवशी भाव का पडला?
— एक गृहिणी

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून थोडक्यात सांगते. स्प्लिटमध्ये, म्हणजे एका शेअरचे असे तुकडे करण्यात, पैसा कोणाकडूनच कोणाकडे जात नाही. कंपनी तीच, तुमचा हिस्सा तोच, फक्त तुकडे जास्त झाले. एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने जून २०२४ मध्ये एकाचे दहा केले. बर्कशायर हॅथवे या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने आपल्या ‘अ’ वर्गाच्या शेअरचे तुकडे कधीच केले नाहीत, आणि त्यामुळे तिचे भागधारक गरीब झाले नाहीत. लहान तुकडे घेणं सोपं जातं, एवढीच सोय आहे.

डिव्हिडंडमध्ये, म्हणजे कंपनीने भागधारकांना वाटलेल्या नफ्यात, मात्र पैसा खरोखर हलतो. तो कंपनीच्या तिजोरीतून तुमच्या खात्यात येतो. तेवढ्या रकमेने कंपनी हलकी होते, म्हणून एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून नव्या घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळणार नाही त्या दिवशी, भाव साधारण तितकाच खाली उघडतो. आदल्या दिवशी घेऊन, डिव्हिडंड खिशात घालून दुसऱ्या दिवशी विकण्याची युक्ती बऱ्याच जणांना सुचते. त्यातून सहसा दलाली आणि कर यांची भर पडते, दुसरं काही नाही.

एक सावधगिरी बाळगा. ‘डिव्हिडंड यील्ड १२ टक्के’ असं वाचलं की आधी भावाचा आलेख पाहा. यील्ड म्हणजे गेल्या वर्षीचा डिव्हिडंड भागिले आजचा भाव. भाव निम्मा झाला तर यील्ड आपोआप दुप्पट दिसते. आणि भाव निम्मा करणाऱ्यांना बहुधा पुढचा डिव्हिडंड येणार नाही अशीच शंका असते.

प्रश्न : बातम्यांत सांगतात की एका दिवसात गुंतवणूकदारांचे अमुक लाख कोटी बुडाले. मग ते गेले कोणाकडे? कोणीतरी कमावलेच असतील ना?
— वाणिज्य शाखेचा विद्यार्थी

हा प्रश्न मला फार आवडला. उत्तर असं की ते कोणाकडेही गेले नाहीत. तुझ्या वर्गात हे मोठ्याने सांग, कारण शिकलेली माणसंसुद्धा इथे चुकतात.

बातमीतला आकडा म्हणजे मार्केट कॅप, कंपनीचं बाजारमूल्य. शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले कंपनीचे सगळे शेअर. समज, कंपनीचे १० कोटी शेअर आहेत, भाव ५००. आज दिवसभरात फक्त ५० हजार शेअर हातबदल झाले आणि शेवटचा सौदा ४८० ला झाला. बातमी म्हणेल २०० कोटी बुडाले. पण जे शेअर विकलेच गेले नाहीत, त्यांच्या मालकांच्या खात्यातून एक पैसाही गेला नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या खात्यात तो आला नाही. ५० हजार शेअरच्या सौद्यांतून मिळालेला भाव आपण उरलेल्या सगळ्या शेअरना चिकटवला, इतकंच.

२७ जानेवारी २०२५ ला एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात १७ टक्के पडला आणि सुमारे ६०० अब्ज डॉलरचं बाजारमूल्य कमी झालं. दुसऱ्या दिवशी शेअर जवळपास ९ टक्के वर आला. आदल्या दिवशी कोणी ६०० अब्ज नेले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी कोणी परत आणून ठेवले नाहीत.

म्हणून हा आकडा खोटा आहे असं मात्र समजू नकोस. त्या दिवशी ज्याने खरंच विकलं त्याला कमीच पैसे मिळाले. त्याहून महत्त्वाचा तो माणूस, ज्याने शेअर तारण ठेवून कर्ज घेतलं आहे. सावकार तारणाचा हिशेब त्याच शेवटच्या भावाने करतो. तारण अपुरं पडलं की तो आणखी रक्कम मागतो, नाहीतर शेअर विकून टाकतो. त्या विक्रीने भाव आणखी पडतो, आणि मग दुसऱ्या कोणाचं तरी तारण अपुरं पडतं. कागदावरचा आकडा खऱ्या पैशाला हात घालतो तो इथून.

प्रश्न : मी आणि माझा भाऊ वाद घालतोय. गुंतवणूक पहिल्या वर्षी ५० टक्के घटली, दुसऱ्या वर्षी ५० टक्के वाढली. तो म्हणतो बरोबरी झाली.

नाही झाली. १०० चे ५० झाले, ५० चे ७५. साधी सरासरी शून्य येते आणि चौथा हिस्सा गेलेला असतो. म्हणून परताव्याची जाहिरात पाहताना ‘वार्षिक सरासरी’ लिहिलंय की ‘वार्षिक चक्रवाढ दर’, ते बघा. तुमच्या उदाहरणात तो चक्रवाढ दर उणे १३.४ टक्के आहे. आणि हेही लक्षात असू द्या की अर्धं गेलेलं भरून काढायला शंभर टक्के वाढ लागते.

प्रश्न : सुरक्षित म्हणून रोख्यांच्या फंडात पैसे ठेवले. व्याजदर वाढले म्हणून मी खूश होते, तर फंडाची किंमत खाली गेली! व्याज वाढल्यावर तोटा कसा? आणि ‘२५ बेसिस पॉइंट’ म्हणजे किती?
— निवृत्त परिचारिका

सोपं आधी सांगते. एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग, २५ म्हणजे पाव टक्का. हा शब्द एका गोंधळातून सुटका करतो. दर ६ वरून ७ झाला तर कोणी म्हणेल एक टक्का वाढला, कोणी म्हणेल जवळजवळ १७ टक्के वाढला, आणि दोघांचंही गणित बरोबर. ‘१०० बेसिस पॉइंट’ म्हटलं की एकच अर्थ उरतो.

आता तुमचा फंड. रोखा म्हणजे कोणालातरी दिलेलं कर्ज, ज्याचं व्याज घेतानाच ठरलेलं असतं. तुमच्याकडे दहा वर्षांचा रोखा आहे, १०० चा, वर्षाला ६ देणारा. उद्या तसाच नवा रोखा ८ देऊ लागला. तुमचा जुना रोखा १०० ला कोण घेईल? घेणारा म्हणेल, मला दोन कमी मिळणार, तीही दहा वर्षं, त्याची भरपाई किमतीत द्या. हिशेब केला तर त्याची किंमत ८६.६० च्या आसपास येते. फंडाला रोज आपल्या रोख्यांची अशी किंमत लावावी लागते, म्हणून तुम्हाला घट दिसली. पुढे मात्र मुदत संपलेल्या रोख्यांचे पैसे फंड नव्या, चढ्या दराने गुंतवतो आणि हळूहळू त्याचा फायदा मिळतो.

ही घट किती मोठी असेल ते मुदतीवर ठरतं. तीन महिन्यांच्या रोख्याला ती जाणवतही नाही, तीस वर्षांच्याला ती मोडून काढू शकते. फंडाच्या माहितीपत्रकात ‘ड्युरेशन’ हा आकडा असतो. तो ५ असेल तर दर एक टक्का वाढल्यावर किंमत साधारण ५ टक्के घटेल, असं ढोबळ गणित.

मोठमोठ्यांनीही इथे हात पोळून घेतले आहेत. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने ठेवीदारांचे पैसे लांब मुदतीच्या रोख्यांत ठेवले होते. सरकारी हमीचे रोखे, पैसे परत मिळण्याबद्दल शंका नाही. पण २०२२ मध्ये दर झपाट्याने चढले आणि त्यांच्या किमती घसरल्या. ८ मार्च २०२३ ला बँकेने रोखे विकून १.८ अब्ज डॉलरचा तोटा झाल्याचं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले, आणि १० मार्चला बँक बंद झाली. मुदत पूर्ण होईपर्यंत थांबता आलं असतं तर रोख्यांचे पूर्ण पैसे आले असते. ठेवीदार थांबणार नव्हते. तेव्हा तुम्ही स्वतःला एवढंच विचारा की हे पैसे मला कधी लागणार आहेत. दोन वर्षांत लागणार असतील तर ड्युरेशन दोनच्या आसपास किंवा त्याखालीच ठेवा.

प्रश्न : पी/ई ६ म्हणजे स्वस्त, ४० म्हणजे महाग, बरोबर ना?

नेहमी नाही. पी/ई म्हणजे भाव भागिले प्रति शेअर नफा, आणि तो नफा बहुधा सरलेल्या बारा महिन्यांचा असतो. पोलाद, जहाज वाहतूक अशा धंद्यांत तेजीच्या शिखरावर नफा फुगलेला असतो, म्हणून पी/ई नेमका तेव्हाच लहान दिसतो. जमीन विकून एकदाच आलेला पैसाही कधी नफ्यात मिसळलेला असतो. तुम्हाला ६ ला विकणारा पुढचं वर्ष कसं जाणार आहे याचा काही अंदाज बांधून विकतो आहे. तो अंदाज काय असेल, ते आधी शोधा.

उलट बाजूही तितकीच खरी. उत्तम कंपन्यासुद्धा अतोनात भावाला घेतल्या तर काय होतं ते जपानने पाहिलं. निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर बंद झाला. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली २२ फेब्रुवारी २०२४ ला. या चौतीस वर्षांत तिथल्या कित्येक कंपन्यांनी जगभर माल विकला, नफा कमावला. शिखरावर घेणाऱ्याने तो नफा आधीच, भावात, मोजून टाकला होता.

प्रश्न : ताई, मी वीस वर्षांचा आहे. आपल्याकडे नसलेला शेअर आधी विकतात आणि मग घेतात, हे कसं? आणि मित्र म्हणतात थोड्या पैशात फ्युचर्स-ऑप्शन्स करून बघ.

शॉर्ट सेलिंग म्हणजे उसना शेअर विकणं. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून शेअर उसना घ्यायचा, आज १०० ला विकायचा, पडल्यावर ७० ला घेऊन परत करायचा. ३० उरतात, त्यातून उसनवारीचं भाडं द्यायचं. हे नवं खूळ नाही. ॲम्स्टरडॅममध्ये १६०९ मध्ये इझाक ल मेर याने डच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर असेच विकले होते, आणि १६१० मध्ये तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली.

मी स्वतः शॉर्ट करणाऱ्यांना वाईट समजत नाही. ज्या कंपनीचे हिशेब खोटे आहेत तिथे पहिली शंका बरेचदा तेच काढतात. पण यात धोक्याची बाजू उलटी असते, ते समजून घे. शेअर विकत घेतलास तर जास्तीत जास्त सगळे पैसे जातील. शॉर्ट केलास तर भाव किती चढेल याला छत नाही, म्हणून तोट्यालाही नाही.

आणि तुझ्या समोर एक नव्हे, दोन माणसं असतात. एक, ज्याला तू विकलास. दुसरा, ज्याला शेअर परत द्यायचा आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीचा शेअर महाग आहे असं समजून अनेक फंडांनी तो शॉर्ट केला होता. २६ तारखेला, रविवारी, पोर्शे या दुसऱ्या मोटार कंपनीने जाहीर केलं की आपल्याकडे फोक्सवॅगनचे ४२.६ टक्के शेअर आणि आणखी ३१.५ टक्क्यांचे ऑप्शन (पैसे देऊन घेतलेले हक्क) आहेत. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याकडे सुमारे २० टक्के होते. म्हणजे बाजारात उरले सहा टक्क्यांहून कमी, आणि उसने घेऊन विकलेले शेअर त्याच्या दुपटीच्या घरात. परत करायचे तर मिळवायचे कुठून? सगळे एकदम खरेदीला धावले. शुक्रवारी २१० युरोच्या आसपास असलेला भाव मंगळवारी हजार युरोच्या वर गेला आणि फोक्सवॅगन काही काळ जगातली सर्वात मोठ्या बाजारमूल्याची कंपनी ठरली. त्या आठवड्यात गाड्या काही जास्त विकल्या गेल्या नव्हत्या. शॉर्ट केलेले शेअर परत घेणं म्हणजे शॉर्ट कव्हरिंग, आणि ते नाइलाजाने, चढत्या भावात करावं लागणं म्हणजे शॉर्ट स्क्वीझ.

आता ‘थोड्या पैशात’ या शब्दांकडे वळू. मार्जिन म्हणजे मोठ्या सौद्यासाठी तू ठेवलेली अनामत. तुझे २०, उरलेले ८० उधार, सौदा १०० चा. भाव १० टक्के पडला की तुझे निम्मे पैसे गेले. २० टक्के पडला की सगळे. त्याच्या बरंच आधी ‘मार्जिन कॉल’ येतो. आणखी रक्कम भर, नाहीतर आम्ही विकतो. पुढे भाव परत वर आला तरी तू तिथे नसतोस.

फ्युचर म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेल्या भावाने व्यवहार करण्याचं बंधन, दोघांवरही. ते किती खरं बंधन असतं ते २० एप्रिल २०२० ला दिसलं. महामारीत तेलाला मागणी नव्हती, अमेरिकेतल्या कुशिंग इथल्या टाक्या भरत आल्या होत्या, आणि मे महिन्याचा सौदा हातात असलेल्यांना तेल ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी भाव बंद झाला उणे ३७.६३ डॉलर पिंपाला. तेल घेऊन जावं म्हणून विकणाऱ्यांनीच घेणाऱ्याला वर पैसे दिले.

ऑप्शन घेणाऱ्यावर बंधन नसतं. तो प्रीमियम देऊन हक्क घेतो, आणि फार तर तो प्रीमियम बुडतो. पण विकणाऱ्यावर पूर्ण बंधन असतं. प्रीमियम लहान दिसतो म्हणून लोक पुन्हा पुन्हा घेतात आणि पुन्हा पुन्हा बुडवतात. भारतात शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, आणि असे व्यापारी एक कोटीहून जास्त होते. समोर कोण होतं तेही त्यात आहे. स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या संस्था आणि परदेशी गुंतवणूकदार. त्यांच्या नफ्यातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग संगणकाच्या अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांतून आला होता. बाळा, तुझ्या मित्रांचा अंदाज चांगला असेलही. पण ते फोनवर बोटाने सौदा करणार आणि समोर ही यंत्रं. तू करू नकोस असं मी स्पष्ट सांगते. शिकायचंच असेल तर वर्षभर वहीत सौदे लिही, खर्चासकट, आणि वर्षाअखेर बेरीज कर.

प्रश्न : माझा मुलगा मोबाइलवरच्या एका गटात आहे. तिथे रोज ‘मल्टीबॅगर’ (पैसे कित्येक पट करणारा शेअर), ‘ऑपरेटर घुसला’ (भाव मुद्दाम हलवणारा कोणी मोठा आला), ‘सलग अप्पर सर्किट’ असं चालतं. त्याने साठवलेले सगळे पैसे एका छोट्या कंपनीत घातलेत. कागदावर दुप्पट झालेत, म्हणून तो ऐकत नाही. मी काय सांगू?
— एक आई

तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, आणि वेळेत लिहिलंत. त्याला बोलू नका, त्याच्याशेजारी बसा आणि त्यालाच दोन गोष्टी दाखवायला सांगा.

पहिली, व्हॉल्यूम. रोज किती शेअरचे सौदे होतात तो आकडा. त्याच्याकडचे शेअर त्याशेजारी लिहा. रोज हजार शेअर हातबदल होत असतील आणि त्याच्याकडे आठ हजार असतील, तर दुप्पट झालेली रक्कम फक्त गुणाकारात आहे. तेवढे शेअर घेणारं माणूस रांगेत नाही.

दुसरी, सर्किट. ते म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त किती हलू शकतो याची घातलेली मर्यादा. अप्पर सर्किटला घेणारेच असतात, विकणारा कोणी नसतो. लोअर सर्किटला याच्या उलट. विकणाऱ्यांची रांग लागते आणि घेणारा कोणीच नाही. तिथे स्टॉप लॉससुद्धा निरुपयोगी, कारण सौदाच होत नाही. सलग वर नेलेला शेअर सलग खाली येतो तेव्हा आत अडकलेल्यांना दिवसच्या दिवस बाहेर पडता येत नाही.

मग त्याला विचारा, गटात हा शेअर सुचवणाऱ्याने तो कधी घेतला असेल? आधी घेतला असेल, तर त्याला विकायला कोणीतरी हवं. तुमचा मुलगा आणि त्या गटातले बाकीचे, हेच त्याचे घेणारे. ‘पंप अँड डंप’ म्हणतात ते हेच. शेअर सुचवणारे आधीच कमी भावात गुपचूप साठा करतात, आशा लावून भाव फुगवतात आणि येणाऱ्यांच्या गळ्यात शेअर घालून निघून जातात.

सगळं विक, असं एकदम म्हटलंत तर तो भांडेल. त्याने घातलेली मूळ रक्कम मोकळी होईल इतकेच शेअर उद्या विकून दाखव म्हणा, लिमिट ऑर्डर लावून. विकले गेले तर कष्टाचे पैसे घरी आले. नाही विकले गेले, तर समोर कोणी नाही हे त्याचं त्यालाच दिसेल, आणि मग रोज सकाळी बाजार उघडताच पुन्हा विक्री लावत राहायचं. गटातले संदेश पुसू नका. त्यांची तारीख-वेळेसह चित्रं काढून ठेवा, बाजाराच्या नियामकाकडे तक्रार करताना तीच लागतात. आणि आत अडकलेले पैसे सोडवण्यासाठी आधी शुल्क किंवा कर भरा, असा निरोप त्या गटातून आला, तर एक पैसाही देऊ नका.